‘शद्दाय’ या नामाचा अर्थ

हिब्रू बायबलात ‘शद्दाय’ हे ईश्वरनाम ४८ वेळा येते. त्यांतील ३१ स्थळे एकट्या ईयोबाच्या ग्रंथात आहेत. मराठी बायबलात त्यासाठी ‘सर्वसमर्थ’ हा शब्द योजिला आहे. परंतु हा अर्थ ग्रीक ‘पांतोक्रातोर’ व लॅटिन ‘ओम्निपोतेन्स’ या अनुवादांच्या परंपरेतून उतरलेला. मूळ शब्दात त्याला आधार सापडत नाही. यशायाच्या ग्रंथात (१३:६) हे नाम ‘शोद’ म्हणजे विध्वंस या शब्दाशी जोडलेले आढळते, तर यहुदी आचार्यांनी ‘जो पुरेसा आहे’ असा त्याचा विग्रह केला. ही निर्वचने यास्काच्या धाटणीची होत. त्यांस शब्दाचा इतिहास समजू नये.

अक्कादी ‘शदू’ (पर्वत) या शब्दाशी संबंध जोडणारे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र त्या शब्दाचा हिब्रू सजातीय ‘सादे’ (शेत) हा असून त्यातील ऊष्मवर्ण निराळा आहे. तेव्हा ‘पर्वतवासी’ हा अर्थ घ्यावयाचा, तर शब्द बाहेरून उसना आला असे मानणे प्राप्त होते. याला १९६७ साली जॉर्डनमधील देर अल्ला येथे सापडलेला, इ. स. पू. ८०० च्या सुमाराचा लेख अनुकूल आहे. त्यात बलाम या द्रष्ट्याच्या कथेत ‘शद्दयिन’ नामक देवांची सभा वर्णिली आहे. आणि गणनेच्या ग्रंथात शद्दायचे दर्शन सांगणारा बलामही इस्राएली नव्हे.