वेशीवरच्या प्राण्याचे नाव

चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर गोंड राजांचे राजचिन्ह कोरलेले आहे. हत्तीला पायाखाली घेतलेला, सिंहासारखा दिसणारा एक प्राणी. 'सिंहासारखा' असेच म्हणावे लागते, कारण हत्तीला मांजराच्या पिल्लाएवढा ठरवणारा सिंह कोणत्याच अरण्यात नाही. हा कल्पनेतला प्राणी आहे, आणि म्हणूनच त्याला काय म्हणावे हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचाही ठरतो.

प्रचारात तीन नावे आहेत. 'गजशार्दूल' म्हणावे, तर शार्दूल म्हणजे मूळात वाघ. आमचे विद्यार्थी हा शब्द वृत्ताच्या नावातूनच ओळखतात. मंदिरशिल्पाचे अभ्यासक अशा आकृतींना 'व्याल' म्हणतात. पण संस्कृतात व्याल म्हणजे सापही आणि माजलेला हत्तीही. म्हणजे एकच नाव जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्यालाही लागू पडते! दुर्गअभ्यासकांचा आवडता शब्द 'शरभ'. महाभारताच्या शांतिपर्वात ऋषीच्या कृपेने एक कुत्रा चढत्या क्रमाने हिंस्र पशू होत होत अखेर शरभ होतो. तो शरभ आठ पायांचा आहे. चांद्याच्या वेशीवरच्या प्राण्याला पाय चारच.

आठ पायांवरून नॉर्स पुराणांतला ओडिनचा घोडा आठवतो. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने ज्या कथा गद्यात नोंदवल्या, त्यांत तो येतो. त्याचे नाव स्लेइप्नीर. या नावात पायांची मोजदाद नाही. सरकत, निसटत जाण्याचा भाव आहे. फेन्रीर या महाकाय लांडग्याचे नाव दलदलीशी जोडले जाते. नाव देणाऱ्याने आकार बाजूला ठेवून चाल पाहिली, ठिकाण पाहिले. टोल्किनने आपल्या लांडग्यांना 'वार्ग' म्हटले, तेही जुन्या नॉर्समधल्या 'वार्गर' या शब्दाच्या आधाराने. त्या शब्दाचा अर्थ लांडगा, आणि समाजाने बहिष्कृत केलेला गुन्हेगारही. नवे नाव घडवले, पण मूळ भाषेच्या अंगणातूनच उचलले.

आमच्याकडे अद्भुतकथा लिहिणारे विद्यार्थी मात्र दोन संस्कृत शब्दांचा समास करून मोकळे होतात. शास्त्रातही फार वेगळे घडले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडलेल्या डायनोसॉरला १९९७ साली 'टायटॅनोसॉरस कोल्बर्टी' हे नाव मिळाले. टायटन हे ग्रीक पुराणातले. २००३ साली तो 'आयसीसॉरस' झाला, तो इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. शास्त्राचे संकेत शास्त्रापाशी. पण पुराण गेले, संस्था आली, आणि डोंगरगाव दोन्ही वेळा बाहेरच राहिले.

याच अरण्यात दुसरी रीतही आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचे ठाणे तलावाकाठी झाले, आणि त्याच्यावरून ताडोबा हे नाव पडले, अशी परंपरा आहे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हाही तेच नाव टिकले. शेवटचा 'बा' आपल्या विठोबा-खंडोबातला, वाघोबातलाही. त्यात भीती आहे तशी आपुलकीही आहे. पक्ष्यांच्या नावांतही हीच दृष्टी दिसते. रात्री वावरतो तो रातवा, तांबे ठोकल्यासारखा बोलतो तो तांबट. मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या जंगलांत हिंडून आदिवासींकडून अशा शब्दांचे धन मिळवले.

अठराव्या शतकाच्या मध्यास चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. राजचिन्ह दरवाजांवर राहिले, पण ते समजावून सांगण्याचा अधिकार दरबाराबरोबर गेला, आणि वर्णन करणाऱ्यांनी आपापल्या ग्रंथांतली नावे त्यावर चढवली. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा. संस्कृत कोश उघडून तिच्या बोलणाऱ्यांचे मन कळणार नाही. गोंड समाज आजही हे चिन्ह आपले मानतो. तेव्हा नाव ठेवायचेच असेल, तर आधी त्यांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारावे. तोवर 'हत्तीवरचा सिंह' हे साधे वर्णन आम्हांस पुरेसे वाटते. त्यात पांडित्य नसेल. पण कोणाच्या वस्तूवर आपला शिक्काही उमटत नाही.