पेज, कोरा चहा आणि डोईवरचा भारा

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात बाईच्या अंगातली ताकद चहाच्या कितीतरी आधीची आहे. जळणाच्या मोळ्या, भाताचे भारे, राबाचा पालापाचोळा आणि पाणी चढउताराच्या पायवाटेने घरी आणण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांकडे राहिले. पोर आधी कळशी उचली, मग हंडा, पुढे हंड्यावर कळशी. वजन थोडेथोडे वाढवत नेण्याचा व्यायामशाळेतला नियम इथे गरजेपोटी पाळला गेला, आणि त्या कष्टाला आधार होता तो तांदळाच्या पेजेचा, नाचणीच्या भाकरीचा आणि आंबिलीचा.

पाण्याचा भार मात्र सगळ्यांना सारखा नव्हता. महाड नगरपालिकेने १९२४ साली खुले करण्याचा ठराव करूनही चवदार तळे अस्पृश्यांना बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी तिथले पाणी प्राशन केले. उच्च न्यायालयात हा हक्क कायम व्हायला १९३७ उजाडले. जवळचे पाणी बंद म्हणजे लांबची खेप, आणि ती खेप बाईचीच. सत्याग्रहाचा हा पैलू फार कमी सांगितला जातो.

चहा या भागात रुजला तो मुख्यतः मुंबईच्या वाटेने. तेव्हाच्या कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतले पुरुष गिरण्यांत कामाला जात. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून देशात चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत आणि गिरण्यांत चहाची दुकाने उघडली. चाकरमान्याने ती चव गावी आणली. दुधाची चणचण असलेल्या घरात चहा कोराच होई, गुळाचा, कधी गवती चहाची पात घालून. त्या पातीत कॅफीन नसते. ते येते चहाच्या भुकटीतून.

रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॅफीन १८१९ साली कॉफीतून वेगळे केले. थकव्याची जाणीव देणाऱ्या अ‍ॅडेनोसिनला ते मेंदूत अडवते. वजनांचा सराव असलेल्या १५ स्त्रियांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. शरीराच्या दर किलोमागे ६ मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यावर त्यांनी छातीवरून उचललेले कमाल वजन वाढले, पण सरासरी किलोभरसुद्धा नाही. नवशिक्या बाईच्या बाबतीत तर एवढी वाढ ओळखणेच कठीण. पहिल्या काही आठवड्यांत तिची ताकद वाढते ती प्रामुख्याने मज्जासंस्था स्नायूंना कामाला लावायला शिकते म्हणून.

पन्नास किलोच्या बाईला हीच मात्रा ३०० मिलिग्रॅम पडते. साध्या कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते, म्हणजे सहा ते दहा कप चहा झाला. मोळीला निघण्याआधीच्या घोटभर कोऱ्या चहाने तरतरी येई, गुळाने थोडी ऊर्जा मिळे. भारा उचलणारे बळ आधीच कमावलेले असे. उलट भाकरीबरोबर घेतलेल्या चहातली तुरट द्रव्ये नाचणीतले लोह पुरते अंगी लागू देत नाहीत. रक्त कमी असलेल्या बाईने म्हणूनच जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे.