निरोष्ठातील नाम : अक्षरनियमाचा इतिहास आणि मोरोपंत

मोरोपंत शब्दप्रभू होते, हे सर्वमान्य आहे. ते कवी कितपत होते, याविषयी मात्र मराठी समीक्षेने वेळोवेळी शंका घेतली आहे. या शंकेला आधार पुरवतात ती प्रामुख्याने त्यांची अक्षरनियमांनी बांधलेली रामायणे. पंतांनी १०८ रामायणे रचली असे परंपरा मानते. ती सर्व आज उपलब्ध नाहीत. जी आहेत त्यांतील निरोष्ठरामायण, मंत्ररामायण, दामरामायण, परंतुरामायण यांची नावे वाङ्मयेतिहासात आवर्जून दिली जातात, पण बहुधा नवलाच्या वस्तूंची यादी द्यावी तशी. अक्षरांवर बंधन घालणाऱ्या रचनेत अर्थाचे काय होते, हा प्रश्न या यादीने मागे राहिला.

लांज्याहून दक्षिणेस जाणारा मुंबई-गोवा महामार्ग राजापूर तालुक्यात शिरतो. त्या तालुक्यातील सौंदळ हे पराडकर घराण्याचे मूळ गाव. घराणे पुढे पन्हाळ्यास गेले. तेथे १७२९ मध्ये मोरोपंतांचा जन्म झाला, केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे त्यांचे अध्ययन झाले आणि बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने १७९४ पर्यंतचे पुढचे आयुष्य गेले. लांज्याच्या उत्तरेस, त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, मालगुंड आहे. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत तेथे १८६६ मध्ये जन्मले. मराठी कवितेच्या दोन परस्परविरोधी कल्पनांची मुळे अशी एकाच मुलखात सापडतात. पहिलीत कवी अक्षरांची जुळणी करणारा निपुण कारागीर आहे, दुसरीत तो अनुभूतीचा द्रष्टा आहे. विसाव्या शतकातील समीक्षेने बहुतांशी दुसरीच्या बाजूने कौल दिला.

अक्षरांच्या खेळाविषयीचा आजचा सुशिक्षित मराठी वाचकाचा समज मात्र संस्कृतपेक्षा इंग्रजीवरून अधिक घडला आहे. इंग्रजीतील लांब शब्द जमवून त्यांतील अक्षरांची मौज पाहण्याचा छंद त्याला परिचित असतो. ‘फसीशस’ म्हणजे थट्टेखोर आणि ‘अ‍ॅब्स्टीमियस’ म्हणजे मिताहारी. या दोन्ही शब्दांच्या लेखनात ए, ई, आय, ओ, यू ही पाचही स्वराक्षरे वर्णमालेच्या क्रमाने येतात. ‘इन्डिव्हिजिबिलिटी’, म्हणजे अविभाज्यता, या शब्दात शेवटचा वाय सोडला तर आय हे एकच स्वराक्षर सहा वेळा येते. टंकयंत्राच्या वरच्या ओळीतील कळांवर ‘टाइपरायटर’ हा शब्द पुरा होतो. ‘प्रोप्रायटर’ म्हणजे मालक, ‘पर्पेच्युइटी’ म्हणजे शाश्वतता आणि ‘रेपर्ट्वार’ म्हणजे एखाद्या कलावंताचा सादर करण्याजोगा संग्रह, हेही त्याच ओळीतून निघतात. चारही शब्द दहा अक्षरांचे आहेत. त्यांच्या अर्थांना एकत्र आणणारे मात्र काही नाही.

हे शब्द मोठ्याने उच्चारले की त्यांतील चमत्कृती बव्हंशी नाहीशी होते. ‘फसीशस’ ऐकणाऱ्याच्या कानावर तीनच स्वर पडतात. उरलेली दोन अक्षरे केवळ डोळ्यांना दिसतात. इंग्रजी अक्षर हे प्रथम कागदावरचे चिन्ह आहे. तेच ‘सी’ एका शब्दात ककार होते, दुसऱ्यात सकार. म्हणून अशा खेळाची कसोटी लेखनात असते. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट याने ‘गॅड्स्बी’ ही पन्नास हजारांहून अधिक शब्दांची कादंबरी ‘ई’ हे अक्षर न वापरता लिहिली. ती १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. चुकून ते अक्षर उमटू नये म्हणून त्याने टंकयंत्राची ती कळच बांधून ठेवली होती. नियम बोटांनी पाळायचा होता, जिभेने नव्हे. पाश्चात्त्य परंपरेचा आरंभ मात्र असा नव्हता. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील ग्रीक कवी लासुस याने सिग्मा हा वर्ण टाळून रचना केल्याचे सांगितले जाते, आणि त्यामागे त्या वर्णाच्या ध्वनीविषयीची नावड होती. मुद्रणाच्या आणि शब्दकोशांच्या युगात हा श्रवणाचा धागा क्षीण झाला.

संस्कृत-मराठी परंपरेत तो तुटला नाही, कारण आपली वर्णमालाच मुखातील स्थानांच्या क्रमाने लावलेली आहे : कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात स्वर, स्थान आणि वर्ण यांच्या नियमांवर आधारलेल्या दुष्कर रचना सांगितल्या. ‘दशकुमारचरिता’त या नियमाला त्याने कथेतच कारण दिले. मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी दुखावले आहेत, म्हणून तो आपली सारी हकीकत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात आणि माघाने ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गात अशी बंधने युद्धवर्णनासाठी योजली. याच परंपरेने त्यांना कनिष्ठही ठरवले. आनंदवर्धनाच्या मते चित्र हे मुख्य काव्य नव्हे, ते काव्याचे अनुकरण आहे. मम्मटाने त्याला अवर काव्यात बसवले. मोरोपंतांवरील आक्षेप केवळ इंग्रजी शिक्षणातून आला, असे म्हणूनच म्हणता येत नाही. इंग्रजी समीक्षेने जुन्या आक्षेपाला नवी परिभाषा दिली.

निरोष्ठ नियम मराठीत काटेकोर पाळायचा तर काय काय गमवावे लागते, हे पाहण्यासारखे आहे. प, फ, ब, भ, म आणि उ, ऊ वर्ज्य होतात. ओ आणि औ हे कंठोष्ठ्य, व हा दंतोष्ठ्य, तेही गेले. मग ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांपैकी एकही सर्वनाम उच्चारता येत नाही. ‘पिता’, ‘माता’, ‘बंधू’, ‘पुत्र’ ही नाती जातात. ‘जनक’, ‘जननी’, ‘तनय’ उरतात. वनाच्या ठिकाणी अरण्य किंवा कानन येते, युद्धाच्या ठिकाणी रण येते, समुद्राचा सागर होतो. सेतूला सेतू म्हणता येत नाही. भरत कैकेयीतनय होतो, मारुती अंजनीतनय होतो, रावण दशानन किंवा लंकेश होतो. सीता आणि दशरथ ही नावे अबाधित राहतात.

सर्वांत मोठा लोप याहून निराळा आहे. ‘राम’ या नावात मकार आहे आणि तो ओष्ठ्य आहे. ‘राघव’ आणि ‘रघुनाथ’ हे पर्यायही याच नियमाने अडतात. म्हणजे निरोष्ठ रामायण ही रामाचे नाव न घेता सांगायची रामकथा होय. नायकाचा निर्देश ‘दाशरथी’, ‘जानकीनाथ’ अशा पर्यायांनीच करता येतो. तो कोणाचा पुत्र आणि कोणाचा पती, एवढीच त्याची ओळख उरते. जे रामायण पित्याच्या वचनातून आणि पत्नीच्या हरणातून उभे राहते, त्याच्या दृष्टीने हे बंधन अर्थाबाहेरचे मानता येत नाही.

याच्या शेजारी मंत्ररामायण ठेवले म्हणजे चित्र पुरे होते. तेथे ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे क्रमाने रचनेत गुंफली आहेत. कथा कोणत्याही प्रसंगात असो, आतून नाम चालूच असते. एका रामायणात नामाला अजिबात वाव नाही, दुसऱ्यात ते वगळणेच अशक्य आहे. एकच कथा पुन्हा पुन्हा रचणाऱ्या भक्तकवीने नामाच्या या दोन अवस्था अक्षरनियमाने साधल्या, असे म्हणणे अप्रस्तुत होणार नाही. श्रोत्याच्या दृष्टीनेही दोन्ही नियम ऐकून ओळखता येण्याजोगे आहेत. निरोष्ठाची परीक्षा निरक्षर माणूसही करू शकतो. गाणाऱ्याचे ओठ मिटतात की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते.

विसाव्या शतकातील एका युरोपीय कादंबरीशी केलेली तुलना येथे उपयोगी पडते. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने १९६९ मध्ये ‘ला दिस्पारिस्याँ’ ही कादंबरी ‘ई’ या अक्षरावाचून लिहिली. फ्रेंचमध्ये पिता आणि माता या दोन्ही शब्दांच्या लेखनात ते अक्षर आहे, खुद्द लेखकाच्या नावातही आहे. त्याचे वडील १९४० मध्ये युद्धात मारले गेले, आईला १९४३ मध्ये आउश्वित्झला नेण्यात आले. त्या अक्षराच्या लोपात या दोन मृत्यूंचे मौन वाचले गेले, आणि कादंबरीचा नियम हाच तिचा आशय मानला गेला. पेरेकच्या लोपामागे न भरणारी हानी आहे. निरोष्ठातील लोपामागे तशी हानी नाही; ज्याचे नाव घेतले जात नाही तो प्रत्येक ओळीचा विषय असतो. हा भेद मोठा आहे. पण पेरेकला जो न्याय मिळाला तो पंतांना का नाकारला जावा, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

याचे एक कारण वाचनाच्या साधनांत आहे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या ‘नवनीता’ने १८५४ पासून जुनी कविता शाळांपर्यंत नेली, हे ऋण मोठे आहे. परंतु तेथे कविता वेच्यांच्या रूपाने पोचली, आणि वेच्यात नियमाची करामत दिसली तरी त्या नियमाने संपूर्ण कथेचे काय केले ते दिसत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त पंतांच्या कवितेची बाजू घेऊन विस्ताराने लिहिले. ल. रा. पांगारकरांनी १९०८ मध्ये चरित्र आणि काव्यविवेचन एकत्र दिले. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथातून लयतत्त्वाची चर्चा केल्यानंतर तर रचनेलाच अर्थाचे अंग मानण्याची परिभाषा मराठीत सिद्ध झाली होती. ती या रामायणांना लावून पाहण्याचे काम बहुतांशी राहून गेले.

प्रत्येक अक्षरबंध काव्य ठरतोच असे नाही. दामयमकात एका चरणाच्या अखेरची अक्षरे पुढच्या चरणाच्या आरंभी आली म्हणून अर्थाची साखळी आपोआप जुळत नाही, आणि पंतांच्या १०८ प्रयत्नांपैकी काही निव्वळ पांडित्याचे असणे स्वाभाविक आहे. टंकयंत्राच्या ओळीतून निघणारा शब्द आणि निरोष्ठ रामायणातील ‘दाशरथी’ यांच्यातील फरक समीक्षेने करायला हवा. पहिल्यात अक्षरांची निवड अर्थाशी उदासीन राहते, दुसऱ्यात ती अर्थाला वळण देते. हा फरक करायचा तर ही रामायणे वेच्यांतून नव्हे, सलग वाचावी लागतील, आणि ती मोठ्याने वाचावी लागतील.