अली माहिमी आणि उत्तर कोकणची शाफई परंपरा

आटगाववरून थळ घाटाकडे आणि मुरबाडवरून नाणेघाटाकडे जाणाऱ्या वाटांनी सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल शतकानुशतके देशावर गेला. परंतु बंदरांवर उतरलेली एक गोष्ट हे घाट फारशी चढली नाही, ती म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राची शाफई शाखा. कुराण आणि हदीस, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती व कृतींच्या नोंदी, यांवरून आचाराचे व व्यवहाराचे नियम ठरविणाऱ्या शास्त्राला फिक्ह म्हणतात. सुन्नी पंथात त्याच्या चार शाखा असून देशावरचे बहुसंख्य मुसलमान हनफी, तर अरबी दर्यावर्द्यांशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आलेले कोकणी मुसलमान शाफई आहेत. शाफई मताने समुद्रातील जवळजवळ सर्व जीव खाण्यास मुभा आहे, हनफी मताने मासे तेवढे ग्राह्य. त्यामुळे कोळंबी मासा ठरते की नाही, यावर हनफी पंडितांनी वाद घातले, जे किनाऱ्यावरच्या माणसाला बहुधा अनाकलनीय वाटले असते.

या परंपरेतील सर्वांत मोठे विद्वान मखदूम अली माहिमी होत. अरबी वंशपरंपरा सांगणाऱ्या नवायत समाजात, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, माहीम येथे त्यांचा जन्म झाला आणि हिजरी 835 मध्ये, म्हणजे इ.स. 1431-32 च्या सुमारास, तेथेच त्यांचे निधन झाले. माहीम तेव्हा गुजरातच्या सुलतानांकडे होते, आणि माहिमींच्या अखेरच्या वर्षांत ते बंदर बहामनी फौजेने घेतले व गुजरातने परत जिंकले. सुलतान अहमदशहाने त्यांना काझी, म्हणजे शरियतनुसार न्यायनिवाडा करणारा अधिकारी, नेमल्याची परंपरा आहे.

त्यांचे खरे कर्तृत्व मात्र ग्रंथांत आहे. शाफई आचारनियमांवरील ‘फिक्हे मखदूमी’ लिहिणाऱ्या या शास्त्र्याने इब्न अरबी या अंदलुसी सूफी तत्त्वज्ञाच्या ‘फुसूस अल-हिकम’वरही भाष्य केले, आणि कर्मठ धर्मपंडितांनी संशयित मानलेल्या विचारवंताला हात घालण्याचे हे धाडस त्यांच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या चमत्कारकथांपेक्षा अधिक नोंद घेण्याजोगे आहे. ‘तब्सीर अर-रहमान’ या त्यांच्या अरबी तफसीरीत, म्हणजे कुराणभाष्यात, आयतींचा, म्हणजे वचनांचा, परस्परसंबंध उलगडलेला असून प्रत्येक सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, आरंभीच्या ‘बिस्मिल्लाह’ या ईश्वरनामाच्या वचनाचा अर्थ त्या सूरेच्या आशयाला धरून नव्याने लावला आहे. माहीमच्या त्यांच्या दर्ग्यातील उरुसाला लोटणाऱ्या गर्दीला हे भाष्य क्वचितच ठाऊक असेल. कैरोजवळच्या बुलाक येथील छापखान्यात मात्र हिजरी 1295 मध्ये ते छापले गेले.