डोंगर होतेच, मैदान नंतर आले

कोरियात फुटबॉलचा विषय निघाला की सर्वकाळचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, यावरचा वाद तीन नावांभोवती फिरतो. जर्मनीच्या बुंडेसलीगात ९८ गोल करणारा चा बुम-कुन, मँचेस्टर युनायटेडचा पार्क जी-सुंग आणि २०२१-२२च्या हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २३ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मोहम्मद सलाहबरोबर वाटून घेणारा सोन ह्युंग-मिन. हाच प्रश्न नाशिक जिल्ह्याला विचारला, तर फुटबॉल मागे पडतो आणि पायांनी व हातांनी अंतर कापणारी माणसे पुढे येतात: सावरपाड्याची कविता राऊत, चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. यांतले सर्वांत मोठे कोण, यावर बोलता येईल आणि माझे मत मी पुढे देणारही आहे. पण त्याआधी दुसरा प्रश्न सोडवायला हवा: ही माणसे घडली कशी? त्याचे एक तयार उत्तर नाशिकमध्ये आणि नाशिकबाहेरही रूढ आहे. डोंगरात राहणारी, हंडे घेऊन चढउतार करणारी, अनवाणी चालणारी मुले. त्यांच्या अंगातच धावणे असते, असे ते उत्तर. मला ते अपुरे वाटते, आणि ज्यांचे कौतुक म्हणून ते दिले जाते त्यांच्यावरच ते अन्याय करते.

या जिल्ह्याच्या शरीरसाधनेच्या इतिहासात आधीचे जे मोठे नाव येते, ते बाळंभटदादा देवधरांचे. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय त्यांना दिले जाते. परंपरा अशी सांगते, की निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आव्हान घेऊन आले, तेव्हा तरुण बाळंभटांनी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगगडावर जाऊन अनुष्ठान केले आणि तिथे मारुतीने दृष्टान्तात त्यांना लाकडी खांबावरचे डाव दाखवले. दृष्टान्त ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मला या कथेतली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. केवळ अलीला चीत करणारा मल्ल म्हणून बाळंभट लक्षात राहिले असते, तर त्यांचे नाव एका कुस्तीपुरतेच उरले असते. ते आजवर टिकले, कारण त्यांनी शिकवले, शिष्य तयार केले, आणि त्या शिष्यांनी आखाडे उभे केले. गडाच्या कथेतसुद्धा ताकद आपोआप अंगात येत नाही. कोणीतरी डाव दाखवावा लागतो.

आता कविता राऊतकडे वळू. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलजवळचा सावरपाडा हा आदिवासी पाडा. १९८५ साली जन्मलेली ही मुलगी सुरुवातीच्या शर्यती अनवाणी धावली, हे खरेच आहे. पुढे नाशिकमध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तिचा सराव सुरू झाला. ८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत ती ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत तिसरी आली. तिच्या पुढे होत्या त्या दोन केनियन धावपटू. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. १९५८ साली कार्डिफमध्ये मिल्खा सिंगने सुवर्ण जिंकले होते. त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक पदकासाठी देशाने ५२ वर्षे वाट पाहिली होती. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने हेच अंतर ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत कापले. केरळची प्रीजा श्रीधरन तिच्यापुढे एका सेकंदापेक्षाही कमी अंतराने होती, आणि पहिली दोन्ही पदके भारताच्या मुलींनी घेतली. दिल्ली ते ग्वांगझू हा काळ जेमतेम दीड महिन्याचा, आणि वेळेतली सुधारणा ७४ सेकंदांची. हवा वेगळी होती, शर्यतीचा वेग वेगळा होता, हे मान्य करूनही हा फरक प्रचंड आहे. त्या दीड महिन्यात सावरपाड्याचा डोंगर तसूभरही वाढला नव्हता. प्रत्येक फेरीला किती सेकंद द्यायचे, कोणाच्या मागे राहायचे, शेवटच्या किती फेऱ्यांसाठी दम राखायचा, हे सारे शिकलेले असते, आणि २५ फेऱ्यांच्या शर्यतीत तेच पदक देते.

डोंगराच्या उत्तराची परीक्षा आणखी दोन प्रकारे घेता येते. पहिली काळाची. सह्याद्रीची ही रांग, पेठ-सुरगाणा-त्र्यंबकचे पाडे, पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात कोरड्या विहिरी, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका. हे चित्र शतकानुशतके आहे. नुसत्या चालण्याने धावपटू तयार होत असते, तर कविताच्या आजीच्या पिढीतही ते दिसायला हवे होते. दुसरी परीक्षा भूगोलाची. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. केनियातले इतेन हे धावपटूंचे गाव २,४०० मीटरच्या आसपास. विरळ हवेत राहून रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता वाढते, हे शास्त्र तिथे लागू पडेल, इथे पडत नाही. आणि खुद्द इतेनचाही इतिहास पाहिला, तर तिथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ साली आयर्लंडहून भूगोल शिकवायला आलेले ब्रदर कोम ओ'कॉनेल यांनी एकामागून एक जगज्जेते घडवले असे दिसते. तिथले कालेंजिन लोक जन्मजात धावतात, असे जग म्हणत राहिले. ब्रदर कोम मात्र रोज सकाळी मैदानावर उभे राहत होते.

जिल्ह्याच्या नकाशावर बाकीची नावे मांडली, तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. संजीवनी जाधव चांदवडकडची, म्हणजे पूर्वेकडच्या कमी पावसाच्या पठारावरची. तिने २०१७ साली भुवनेश्वरच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत ५,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्य मिळवले. तिची आणि कविताची माती वेगळी, पाऊस वेगळा, समाज वेगळा. दोघींत समान आहे तो प्रशिक्षक, आणि भोसला मिलिटरी स्कूलच्या आवारातले सरावाचे मैदान. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली सुरू केलेल्या या शाळेचा हेतू तरुणांना लष्करी शिक्षण देण्याचा होता. तिच्या मैदानावर एक दिवस पाड्यांवरच्या मुली फेऱ्या मारतील, हे कोणाच्या योजनेत नव्हते. तरी जिल्ह्याच्या धावण्याच्या इतिहासात त्या मैदानाची नोंद व्हायलाच हवी.

आणि दत्तू भोकनळचे काय करायचे? त्याचाही तालुका चांदवडच, आणि तो दुष्काळी. वडील विहिरी खोदण्याचे काम करीत. वडील गेले, घराचा भार आला, आणि २०१२ साली दत्तू लष्करात भरती झाला. पुण्यात लष्कराच्या रोइंग केंद्रात त्याच्या हातात पहिल्यांदा वल्हे आले. चार वर्षांत, एप्रिल २०१६ मध्ये, दक्षिण कोरियातल्या चुंगजू येथील पात्रता स्पर्धेतून तो रिओ ऑलिम्पिकला गेला आणि एकेरी नौकेच्या शर्यतीत जगात तेरावा आला. अपघातानंतर आई शुद्ध हरपून रुग्णालयात होती, त्याच काळात हे सारे घडले. २०१८च्या आशियाई स्पर्धेत स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या नौकेत त्याने सुवर्ण जिंकले. परिस्थितीच खेळाडू घडवते हे खरे धरले, तर पाण्याच्या दुर्भिक्षाने नावाडी कसा घडवला, याचे उत्तर द्यावे लागेल. उंची, लांब हात, कष्टाची सवय हे त्याच्याजवळ आधीपासून होते. त्याला नौका, तलाव, पोटभर खुराक आणि सक्तीची शिस्त बराकीने दिली. बीडच्या अविनाश साबळेची गोष्ट याच्याच जवळची: तोही शेतकरी घरातला, तोही आधी शिपाई झाला आणि स्टीपलचेसकडे लष्करात असताना वळला.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. नाशिकच्या सीमेपलीकडे, त्याच डोंगरांत, गुजरातचा डांग जिल्हा आहे. तिथूनही सरिता गायकवाड आली, जी २०१८च्या आशियाई स्पर्धेत ४ बाय ४०० मीटर रिलेच्या सुवर्ण संघात होती. तिथूनच धावपटू मुरली गावित आला. तिथे ना भोसलाचे मैदान, ना विजेंदर सिंग. मग डोंगराला काहीच श्रेय नाही का? आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. लहानपणापासून चढउतारावर चाललेल्या मुलांचे पाय आणि फुप्फुसे शहरातल्या मुलांपेक्षा तयार असतात. पण डांगची ही नावेही गेल्या दशकातलीच आहेत. डोंगर दोन्ही बाजूंना पूर्वीपासून होता. मुलांना शर्यतीपर्यंत नेणारी व्यवस्था दोन्ही बाजूंना उशिरा आली. हेच कोरियाकडेही दिसते. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जपानच्या झेंड्याखाली, जपानी नावाने धावावे लागलेला सोन की-चुंग मॅरेथॉनमध्ये पहिला आला आणि त्याचाच देशबांधव नाम सुंग-योंग तिसरा. दोघेही सोलच्या एकाच यांगजोंग शाळेचे विद्यार्थी. गरिबी आणि पारतंत्र्य साऱ्या कोरियाच्या वाट्याला आले होते. धावण्याची शिस्त लावणारी ती शाळा मात्र थोड्यांच्याच वाट्याला आली.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे. मैदानाला आणि प्रशिक्षकाला श्रेय दिले की खेळाडूच्या कष्टाचे मोल कमी होते, असे काहींना वाटेल. मला नेमके उलटे वाटते. नाशिकमध्येच वाढलेला विदित गुजराथी २०१३ साली बुद्धिबळातला ग्रँडमास्टर झाला, २०२४ साली कँडिडेट्स खेळला आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. डॉक्टर आई-वडिलांच्या या मुलाबद्दल लिहिताना कोणी गोदावरीच्या पाण्याचा गुण सांगत नाही. कोणाकडे शिकला, किती तास बसला, कोणत्या स्पर्धा खेळला, असेच आपण विचारतो, कारण त्याचे यश हे शिक्षणाचे फळ आहे हे आपल्याला सहज मान्य असते. पाड्यावरच्या मुलीबद्दल मात्र हंडा आणि अनवाणी पाय सांगून आपण थांबतो. तिनेही रोज पहाटे घड्याळ लावून फेऱ्या मारल्या, दुखापती सोसल्या, वेळ सेकंदाच्या दशांशाने खाली आणली. हे बुद्धीचे आणि चिकाटीचे काम आहे. जन्मजात म्हटले की ते सारे पुसले जाते.

या व्यवस्थेच्या मर्यादाही लपवू नयेत. संजीवनीने २०१९ साली दोहाच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत मिळवलेले कांस्य बंदी असलेल्या औषधाच्या प्रकरणात गेले आणि दोन वर्षे तिला बाहेर राहावे लागले. बंदी संपल्यावर ती पुन्हा ट्रॅकवर उतरली, हेही इतिहासात लिहिले जाईल. दिंडोरीकडची मोनिका आथरे २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. पण तिचे नाव जिल्ह्याबाहेर किती जणांना माहीत आहे? एका प्रशिक्षकाच्या खांद्यावर साऱ्या जिल्ह्याचा भार टाकला, की जे त्याच्या नजरेस पडतात ते वर येतात आणि बाकीचे पाड्यावरच राहतात.

सर्वांत मोठे कोण, याचे माझे उत्तर कविता राऊत हेच आहे. दत्तूचे आशियाई सुवर्ण तिच्या रौप्यापेक्षा वरचे, हे खरे. पण ते चौघांचे होते. कविताने ट्रॅकवर एकटीने पदके घेतली. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्ण जिंकून ती रिओला पोहोचली. तिथे १२०वी आली, आणि तरी शर्यत पूर्ण केली. शिवाय पाड्यावरच्या मुलीने धावायचे असते आणि त्यासाठी नाशिकला यायचे असते, ही वाट तिने इतरांना दाखवली.

ती वाट अजून अरुंद आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत आश्रमशाळा आहेत, मुले तिथेच राहतात, तिथेच जेवतात. त्यांतल्या प्रत्येक शाळेत धावण्याचे शास्त्र शिकलेला एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक, ४०० मीटरची आखलेली मातीची पट्टी आणि धावणाऱ्या मुलांसाठी दूध-अंड्यांचा वेगळा खुराक, एवढी मागणी जिल्ह्याने आदिवासी विकास विभागाकडे आणि क्रीडा खात्याकडे लावून धरली पाहिजे. कविताच्या सत्काराला जे हार घेऊन गेले, त्या सर्वांनी या मागणीच्या निवेदनावर आधी सही करावी.