बर्फ, ट्रॅक्टर आणि माणूस

मनुरेवात बर्फ पडत नाही. त्यामुळे ‘स्नोब्लोअर’ हे यंत्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल ते कॅनडा-अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या गराजमध्येच. पुढे फिरणारं पोलादी मळसूत्र, त्यामागे बर्फ दूर उडवणारा पंखा आणि वर धुराड्यासारखी नळी. इंजिन पेट्रोलवर चालतं आणि माणूस मागून दोन्ही हातांनी हँडल धरून चालतो. असं जुनं यंत्र घेऊन त्याचं इंजिन काढायचं, मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या आणि हातातल्या रिमोटने ते दुरून चालवायचं, हा उद्योग तिकडे काही हौशी मंडळी करतात. ‘बाहेर थंडीत जायला नको म्हणून हे सगळं!’ असं म्हणून आपण हसतो. पण यंत्र आणि माणूस यांच्यात अंतर ठेवण्याच्या या खटपटीला मोठा इतिहास आहे, आणि त्यातलं एक पान आपल्या शेजारचं आहे.

सुरुवात १८९८ सालची. निकोला टेस्ला याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी बोट सोडली. तिच्यात बॅटरी होती, मोटर होती आणि ती बिनतारी संदेशाने वळत होती. रिमोटवर चालणाऱ्या आजच्या विजेच्या यंत्राचे तिन्ही भाग त्या बोटीत होते. कल्पना होती, पण रोजच्या कष्टाच्या कामात ती उतरायला फार वर्षं लागली. तोपर्यंत धोक्याच्या जागी यंत्राबरोबर माणूस जातच राहिला.

आता शेजारचं पान. आपल्या मनुरेवा स्टेशनातून दक्षिणेकडे जाणारा रेल्वेमार्ग पुढे टुआकाऊला जातो. तिथे वाढलेला एक मधमाश्या पाळणाऱ्याचा मुलगा याच मार्गाने रोज ऑकलंड ग्रामर शाळेत जाई. तो म्हणजे एडमंड हिलरी. १९५३ सालचं एव्हरेस्ट सर्वांना ठाऊक आहे, आणि १९८५ ते १९८९ या काळात ते दिल्लीत न्यूझीलंडचे उच्चायुक्त होते हेही अनेकांना आठवत असेल. त्यांच्या ट्रॅक्टरची गोष्ट मात्र आपल्याकडे कमी सांगितली जाते.

१९५५ ते १९५८ या काळात व्हिव्हियन फुक्स यांच्या नेतृत्वाखाली अंटार्क्टिका आरपार ओलांडण्याची मोहीम झाली. फुक्स एका बाजूने येणार आणि हिलरींच्या तुकडीने दुसऱ्या बाजूने त्यांच्यासाठी इंधन आणि अन्नाचे साठे लावून ठेवायचे, असं ठरलं होतं. हिलरींकडे वाहनं होती ती फर्ग्युसन कंपनीचे साधे शेतीचे ट्रॅक्टर. नांगरटीसाठी बनवलेलं हे यंत्र त्यांनी बर्फाच्या कामाला लावलं. पुढच्या आणि मागच्या चाकांभोवती पट्टे चढवले आणि वारा अडवायला चालकाभोवती कापडाचा आडोसा उभारला. मरे एलिस आणि जिम बेट्स हे दोघे यंत्रांची देखभाल करत.

१४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्कॉट बेसवरून तीन फर्ग्युसन आणि ‘वीझल’ नावाचं एक वाहन निघालं. वीझल वाटेत सोडून द्यावं लागलं. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात. भेगेवरचा बर्फाचा पातळ पूल खचला की यंत्र आत जातं, आणि त्याच्यावर बसलेला माणूसही. म्हणून ट्रॅक्टर एकमेकांना दोरांनी बांधलेले होते. एक घसरला तर बाकीच्यांनी त्याला धरायचं. तसे प्रसंग आलेही. साठे लावण्याचं काम संपल्यावर हिलरी थांबले नाहीत. ४ जानेवारी १९५८ रोजी तिन्ही ट्रॅक्टर दक्षिण ध्रुवावर पोहोचले. प्रवास सुमारे २००० किलोमीटरचा झाला. मोटारवाहनाने जमिनीवरून ध्रुव गाठणारे हे पहिलेच. १९९२ साली निघालेल्या पाच डॉलरच्या नोटेवर हिलरींबरोबर हा ट्रॅक्टरही आहे. जुनी नोट घरात असेल तर मुलांना दाखवा.

या पराक्रमाचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. ट्रॅक्टरमध्ये सगळे बदल झाले, पण चालकाची जागा तीच राहिली. पुढची जमीन पक्की आहे की पोकळ, हे कळण्यासाठी कुणाला तरी त्यावरून जावंच लागत होतं.

ती जागा पुढे रिकामी झाली. त्याच भागात अमेरिकेच्या मॅकमर्डो तळावरून दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या वाटेवर ‘येती’ नावाचं चार चाकांचं, बॅटरीवर चालणारं यंत्र भेगा शोधण्यासाठी वापरलं गेलं. २०१३ साली त्याची माहिती जाहीर झाली. वजन सुमारे ८० किलो. ते बर्फाखालचं पाहणारं रडार ओढत नेतं आणि त्यावर कुणी बसलेलं नसतं. आपल्या पुण्यातही, दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेत याच विचाराने ‘दक्ष’ हे यंत्र तयार झालं. तेही बॅटरीवर चालतं, जिने चढतं आणि सुमारे ५०० मीटरवरून चालवता येतं. संशयास्पद बॉम्बजवळ जवानाऐवजी ते जातं. २०११ साली ते लष्कराकडे देण्यात आलं.

आता पुन्हा त्या स्नोब्लोअरकडे वळू. ओला बर्फ नळीत अडकतो, माणूस घाईत हात घालतो आणि बोटं जातात. इंजिन बंद केलं तरी आत ताण अडकलेला असतो आणि अडथळा निघाला की पाती एकदम फिरते. रिमोट बसवल्याने पाती बोथट होत नाही, फक्त माणूस लांब राहतो. म्हणून असं यंत्र बनवणाऱ्याने आधी एक गोष्ट पाहावी. रिमोटचा संदेश तुटला तर यंत्र आपोआप थांबलं पाहिजे. अंगणात मुलं खेळत असतील तर याला पर्याय नाही.

तिकडच्या भाच्या-पुतण्यांना फोन कराल तेव्हा एवढं जरूर सांगा. यंत्र जुनं असो की नवं, अडकलेला बर्फ काढताना ते पूर्ण बंद करून काठी वापरायची, हात नाही.