तगाईपासून सन्मान निधीपर्यंत

शेतकऱ्यास सरकारने हात द्यावा, ही कल्पना आजकालची नव्हे. छत्रपती शिवाजी महाराजांनी सन १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस पाठविलेल्या आज्ञापत्रात तिचा स्पष्ट उच्चार आहे. ज्याच्या अंगी कसण्याची शक्ती आहे, परंतु बैल नाहीत, त्यास बैलांसाठी पैका व पोटास दाणा द्यावा. वसुली मात्र वाढीदिढीवाचून, केवळ मुद्दलाची, त्याची ऐपत येईल तसतशी करावी, असा त्या आज्ञेचा आशय होता. साहाय्याची कसोटी कसण्याची शक्ती ही होती, हे ध्यानी घ्यावे.

इंग्रजी अमदानीत ही कसोटी पालटली. सावकारी पाशास कंटाळून १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी दंगा केला व कर्जरोख्यांची होळी केली. त्यानंतर कायदे झाले. १८८३ च्या कायद्याने विहीर, ताल, बांध इत्यादी जमीनसुधारणेसाठी, तर १८८४ च्या कायद्याने बी-बियाणे व जनावरे यांसाठी तगाई मिळू लागली. परंतु ती सव्याज होती आणि थकल्यास शेतसाऱ्याप्रमाणे सक्तीने वसूल होई. शिवाय तारण म्हणून बहुधा जमीनच पुढे करावी लागे. ज्याची जमीन नाही, त्यास सावकाराचाच उंबरठा उरला.

१९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. तथापि अर्धशतकानंतरही चित्र फारसे बदलले नव्हते. १९५१-५२ सालच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, शेतकऱ्याने कर्जाऊ घेतलेल्या दर शंभर रुपयांत सरकारचे अवघे ३.३ आणि सहकारी संस्थांचे ३.१ रुपये होते. सावकारांचे मात्र सुमारे सत्तर! या पाहणीच्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळ हे एक सभासद होते.

पुढे कर्जाच्या जोडीस अनुदान आले. खते, ठिबक सिंचन, अवजारे यांवर सरकार खर्चाचा वाटा उचलू लागले. २०१९ मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान किसान सन्मान निधी सुरू केला. त्यात वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांनी थेट बँकेच्या खात्यात जमा होतात. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधीद्वारे तितकीच भर घातली. परतफेडीची अट नाही, मध्यस्थ नाही, हे मोठेच पाऊल होय.

परंतु पात्रता ठरते ती जमिनीच्या नोंदीवरून. वाट्याने वा खंडाने दुसऱ्याचे रान कसणारा, ज्याच्या घामाने पीक उभे राहते, तो या निधीच्या बाहेरच आहे. तीन शतकांपूर्वी जो कसणारा आज्ञापत्राच्या केंद्रस्थानी होता, तोच आज कागदाअभावी वगळला जातो, हा इतिहासाचा केवढा विपर्यास!

ज्ञातिबंधूंनो व भगिनींनो, हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. आपल्यातील कित्येक कुटुंबे नोकरीनिमित्त शहरात स्थिरावली. गावची जमीन दुसरेच कोणी कसतात. उतारा आपल्या नावे म्हणून अनुदान आपल्या खात्यात येत असेल, तर नांगर धरणाऱ्याचा त्यात न्याय्य वाटा आहे, हे आपण स्वतः होऊन मानले पाहिजे. तसेच कित्येक घरी सातबारावर आजही दिवंगत आजोबांचेच नाव आहे. त्यामुळे विधवा सुनेला एक छदामही मिळत नाही. या निधीस १ फेब्रुवारी २०१९ रोजीची मालकी ग्राह्य धरली असली, तरी मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीस त्या तारखेची आडकाठी नाही. म्हणून वारसनोंदी वेळीच करून घ्याव्यात आणि त्यांत पत्नी व कन्या यांची नावे वगळू नयेत. १९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली सबंध देशाने कन्येस वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला आहे.

सरकारचे कर्तव्य सरकार करील. आपल्या दप्तरात आणि आपल्या अंतःकरणात कसणाऱ्याचे नाव लिहिणे, हे मात्र आपल्याच हाती आहे.